अक्कांची काळजी

भिण्यासारखं या जगात जे जे काही आहे ते सगळं माझ्या चुलतसासूबाईंनी एकट्यांनी भिऊन संपवलं होतं, त्यामुळे पाचोऱ्याच्या आमच्या घरात बाकीच्यांना भिण्याजोगं काही उरतच नसे. सापाला, विंचवाला, चोराला आणि मामलेदाराला कुणीही भितं. अक्का, म्हणजे या माझ्या चुलतसासूबाई, भीत त्या त्याच्या पुढच्या गोष्टींना. दोरीवरचं धोतर वाऱ्याने उडालं तर ते विहिरीत पडेल, ते काढायला गडी उतरेल, त्याचा पाय घसरेल, मग त्याची बायको पोरं घेऊन आपल्या दारात बसेल, आणि त्या पोरांतल्या धाकट्याला आधीच खोकला आहे, इथपर्यंत त्यांचा विचार एका दमात जाई आणि धोतर अजून दोरीवरच असे. आमचं घर स्टेशनाच्या मागच्या अंगाला होतं. रूळ आणि आमची चूल यांच्यामध्ये एक रस्ता, दोन घरं आणि एक चिंचेचं झाड होतं, पण एखादी मालगाडी एक ना एक दिवस रूळ सोडून थेट स्वयंपाकघरात येणार याबद्दल अक्कांना शंका नव्हती. म्हणून त्यांनी तांब्यापितळेची भांडी पलीकडच्या भिंतीला लावून ठेवली होती. गाडी वेळेवर गेली तर ती फार जोरात गेली म्हणून भीती, आणि उशिरा आली तर वाटेत काय झालं म्हणून भीती. भुसावळकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा सबंध गावात दोघांनाच बिनचूक ठाऊक होत्या, एक स्टेशनमास्तर आणि दुसऱ्या अक्का, आणि त्यातही मास्तर कधीमधी चुकत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी मी लग्न होऊन धुळ्याहून या घरात आले. माझे सासू-सासरे आधीच गेलेले. माझ्या यजमानांना त्यांच्या काका-काकूंनी, म्हणजे आबांनी आणि अक्कांनीच वाढवलेलं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा घरात आम्ही चौघंच. माप ओलांडताना मी पदराआडून वर पाहिलं. समोर अक्कांचे डोळे होते. एवढे मोठे, एवढे बाहेर आलेले आणि एवढे न मिटणारे डोळे मी त्याआधी पाहिले नव्हते. मानपानात काहीतरी राहिलं असणार आणि त्याचा राग आता जन्मभर आपल्यावर निघणार, असं समजून पहिले आठ दिवस मी त्यांच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. नवव्या दिवशी शेजारणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "काय वं सूनबाई, तू अक्काले काय बोलनी? तुनी सातवी व्हयेल शे म्हनीसन ती तुले घाबरस." म्हणजे मी सात इयत्ता शिकलेली म्हणून त्या मला भीत होत्या आणि त्यांचे डोळे पाहून मी त्यांना भीत होते. असे आठ दिवस एकाच चुलीपाशी आम्ही दोघी एकमेकींपासून जीव वाचवत वावरत होतो.

त्या डोळ्यांचा घराला फायदाही होता. गावभर पाणी घालून दूध देणारा आमचा गवळी आमच्या दारात मात्र निखळ दूध घाली. अक्का भांडं घेऊन समोर उभ्या राहत आणि त्याच्याकडे नुसत्या बघत. त्या वेळी त्या मनात म्हणत असत की हा माणूस आता घसरून पडला तर काय करावं. त्याला वाटे की बाईंना सगळं कळलं आहे. एकदा तर त्याने न विचारताच कबूल केलं, "अक्का, काल थोडं पानी टाकायनं होतं, पन आज नही." अक्का इतक्या दचकल्या की भांडं हातातून निसटलं, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी शेरभर दूध जास्त देऊन गेला.

अक्कांना ऊन सोसत नसे, यात काही नवल नाही, खानदेशात ते कुणालाच सोसत नाही. पण त्यांना थंडीही उकडे. पौषात सगळं गाव गोधडीत गुरफटून शेकोटीशी बसलेलं असे, तेव्हा अक्का ओट्यावर बसून सुपाने वारा घेत. चैत्र-वैशाखात त्या पाटासमोर पाण्याचं घंगाळ ठेवून, पाय त्यात सोडून पापड लाटत. आणि खाणं म्हणाल तर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी सकाळी आणि तीन संध्याकाळी, मध्ये मूठभर शेंगदाणे, मूठभर मुरमुरे, आणि मग "सकाळपासून पोटात काही नाही हो" असं म्हणत आणखी एक भाकर. एवढं खाऊन त्या दर वर्षी वाळत चालल्या होत्या. बांगड्या कोपराच्या वर जात. खाल्लेलं जातं कुठे, हा आमच्या घरातला कायमचा न सुटलेला प्रश्न होता. माझे यजमान म्हणत की काकूंची भीतीच सगळं खाऊन टाकते, आणि ते थट्टेत म्हणत असले तरी फारसं चुकीचं नव्हतं, हे पुढे कळलं.

देवाने जोड्या जमवताना गंमत करायची ठरवली असावी. आबा सगळ्या बाबतींत उलटे होते. ज्येष्ठात ते कांबळं पांघरून निजत. एका भाकरीत त्यांचं पोट भरे आणि तरी अंग सुटलेलं, चेहरा झोपेतून आत्ताच उठल्यासारखा. आवाज घोगरा, आणि तोही क्वचितच ऐकू येई. तुम्ही सकाळी त्यांना काही विचारलं तर दुपारी जेवताना "हो" असं उत्तर मिळे आणि ते कशाचं हे तुम्हीच आठवायचं. शेतावर जायला निघाले की वाटेत पारावर टेकत, आणि तिथेच त्यांचा दिवस मावळे. गाव म्हणे, आबा म्हणजे स्थितप्रज्ञ. अक्का म्हणत, "या माणसाची काळजी मी केली नाही ना, तर हे श्वास घ्यायचंसुद्धा विसरतील." आणि खरोखरच त्या आबांच्या उशाशी बसून ते श्वास घेताहेत की नाही हे दिवसातून दोनदा पाहत.

अक्कांचे हात कापत. कपबशी आणताना ती वाजत येई, त्यामुळे पाहुण्यांना चहा येत असल्याचं आधीच कळे. सुईत दोरा ओवणं हे त्यांच्यासाठी मी आणि शेजारीण आळीपाळीने करत असू. पण याच कापऱ्या हातांनी त्या खापरावरचे मांडे असे करत की सगळ्या तालुक्यात तोड नव्हती. ज्यांनी मांडा होताना पाहिलेला नाही त्यांना सांगते, पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर टाकत, तो कोपरापर्यंत मोठा करायचा आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद पसरायचा. मी केलेला मांडा जमिनीवर तरी पडे नाहीतर गळ्यात तरी येई. अक्कांच्या हातांवर तो पडला की हातांच्या त्या बारीक थरथरीने आपोआप पसरत जाई, कुठे जाड नाही, कुठे फाटलेला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की चार घरची बोलावणी एका दिवशी येत. अक्का जात, भिऊन भिऊन मांडे करत, आणि लोक म्हणत की असा हात देव एखादीलाच देतो.

या भीतीवर इलाज झाले नाहीत असं नाही. दृष्ट काढून झाली. सातपुड्याकडच्या एका भगताचा दोरा दंडाला बांधून झाला, तर तो सुटला तर काय होईल या भीतीने त्या तीन रात्री झोपल्या नाहीत आणि शेवटी माझ्या यजमानांनीच तो कापला. वडीलधाऱ्या बायकांचं निदान ठरलेलं होतं. मूल नाही म्हणून मन कच्चं राहिलं. अक्कांनी ते निदान मुकाट्याने घेतलं होतं. कुणी हसलं की त्या स्वतःच आधी म्हणत, "माझं मनच कच्चं हो, काय करणार." त्या असं म्हणाल्या की मी हसत असे. आज ते आठवलं की लाज वाटते. एरवी त्या धुळ्या-जळगावच्या शहाण्या माणसांसारखं नीट बोलत, पण भीती वाढली की बोलणं खानदेशीत उतरे. "गाडी का बरं नही उनी?" म्हणजे गाडी का बरं आली नाही, असं ऐकू आलं की समजावं, आज जेवण उशिरा.

खरं निदान केलं ते सोनाराने. अक्कांच्या गळ्यात काळ्या मण्यांची आणि सोन्याच्या मण्यांची पोत होती, गळ्याला लागून बसणारी. ती त्यांना घट्ट होऊ लागली. भिणारं माणूस सहसा कुणावर आळ घेत नाही, पण पोत घट्ट होते म्हणजे ओवताना सोनाराने मणी काढले हे तर उघडच होतं. अक्का मला घेऊन सोनाराकडे गेल्या. आपण भांडायला आलो आहोत हे त्याला कळू नये म्हणून त्या आधी त्याच्या म्हशीची चौकशी करू लागल्या, पण डोळे तसेच. सोनार घाबरला. त्याने न बोलता चार मणी वाढवून दिले. पाच महिन्यांनी पोत पुन्हा घट्ट. पुन्हा चार मणी. तिसऱ्या वेळी मात्र तो म्हातारा चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "अक्का, रागे भरू नका. मी पोत मोजेल शे. ती जितली होती तितलीच शे. तुम्हना गया वाढी ऱ्हायना." गळा वाढतो आहे, हे घरातल्या आम्हा कुणाला दिसलं नव्हतं. पदर कायम मानेभोवती गुंडाळलेला, आणि डोळ्यांपुढे गळ्याकडे बघतंय कोण. सोनाराच्या आरशात अक्कांनी पदर सारला तेव्हा गळ्याच्या मधोमध कबुतराच्या अंड्याएवढी गाठ दिसली. "माले काय व्हयनं वं?" असं म्हणून त्या खाली बसल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या भीतीचं हसू आलं नाही.

जळगावात तेव्हा मुंबईला शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते. आम्ही चौघेही गेलो. आबांनी मेच्या महिन्यात कांबळं बरोबर घेतलं होतं. डॉक्टरांनी अक्कांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळपानासारखा फडफडू लागला. अक्कांना वाटलं आता यावर अंगठा घेणार, म्हणून त्या म्हणाल्या, "शेत यांच्या नावावर आहे." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, गाठ चाचपली, डोळे पाहिले, भूक विचारली, उकाडा विचारला आणि मग आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं. गळ्यात सगळ्यांनाच एक ग्रंथी असते. ती एक रस रक्तात सोडत असते. त्या रसावर शरीराची चाल ठरते. तो फार झाला की काळीज धडधडतं, हात कापतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, थंडीत उकडतं, झोप उडते आणि काही कारण नसताना जीव भिऊन राहतो. "मन कच्चं वगैरे काही नाही," ते म्हणाले, "या बाईंच्या जागी एखादा पैलवान असता आणि त्याच्या रक्तात एवढा रस असता, तर तोही असाच खोलीच्या कोपऱ्यात बसला असता." आधी काही आठवडे दुधातून औषधाचे थेंब घ्यायचे, गाठ जरा निवली की मुंबईला जाऊन तिचा बराचसा भाग काढून टाकायचा. हे केलं नाही तर असं धावून धावून काळीज एक दिवस थांबेल, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि शेवटी धीर द्यायला म्हणून ते जे बोलले त्याने सगळा घोटाळा केला. ते म्हणाले, "अहो, ही तुमची काळजी सगळी या गाठीतून येते. गाठ काढली की काळजी गेली."

थेंब अक्का नेमाने घेत, पण मुंबईचं नाव काढलं की उठून जात. आम्हाला वाटलं, सुरीला भितात, आणि ते साहजिकच होतं. नातलगांना तर निराळीच चिंता लागली होती. एक वडील जाऊबाई समाचाराला आल्या आणि हात थरथरायचे थांबणार हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग आखाजीचे मांडे?" असे पंधरा दिवस गेले. एके दुपारी डाळ निवडताना अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सात बुकं शिकेल शे. माले एक सांग. कोनती कायजी मन्ही शे, नी कोनती गाठनी?" कोणती काळजी माझी आणि कोणती गाठीची, हा प्रश्नच मला आधी कळेचना. मग त्यांनी सुपातली डाळ पुढे ओढून मला समजेल असं सांगितलं. या घराची काळजी त्या बावीस वर्षं करत होत्या. पोटी पोर नाही, पुतण्याला वाढवला, नवरा असा झोपाळू. काळजी करणं एवढीच काय ती त्यांची माया होती, दुसरी कशी करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता ती गाठीतून येते म्हणतात. उद्या डॉक्टर गाठीबरोबर तीही काढून घेणार. मग यांचा श्वास चालू आहे की नाही हे बघावंसं वाटलंच नाही तर? "मी वाचसू," त्या म्हणाल्या, "पन कोरडी व्हई जासू."

मी त्यांना शब्दाचा फरक समजावून पाहिला. काळजी करायची जाईल, घ्यायची राहील, असं काहीतरी मी मोठ्या शहाणपणाने बोलले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मांडा करायनं गयं तर मांडा घेवानं कसं ऱ्हाई?" करणंच गेलं तर घ्यायला उरणार काय, असं त्यांचं म्हणणं. मी जळगावला पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तर ते बिचारे डोक्याला हात लावून बसले. मुंबईच्या कॉलेजात त्यांना ग्रंथी शिकवली होती, पण मराठीत एकाच शब्दात दोन गोष्टी बसतात याची सूचना कुणी दिली नव्हती.

इथे आबा मध्ये पडले. आबांचीही तपासणी त्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी करून घेतली होती, कांबळ्याकडे पाहूनच त्यांना संशय आला होता. निघालं असं की त्याच ग्रंथीचं आबांचं दुकान जवळजवळ बंद होतं. अक्कांचा रस उतू जात होता आणि आबांचा आटला होता. डॉक्टरांनी त्यांना विचारलं की जीवाला काही वाटतं का, छातीवर दडपण, उगाच धास्ती. आबा म्हणाले, "वाटतं." त्यांनी तोच शब्द दुसऱ्यांदा उच्चारला आणि पुढे चक्क तीन वाक्यं बोलले. पहाटे जाग येते, काहीतरी वाईट होणार असं वाटतं, पारावर बसतात ते पुढे शेतापर्यंत जायची छाती होत नाही म्हणून. हे कधी बोलला का नाहीत, असं माझ्या यजमानांनी विचारलं. तर म्हणाले, "घरात एक माणूस भीत होतं. दोघांनी भ्यायचं म्हटलं तर चूल कोण पेटवणार? आणि पुरुषमाणसाने सांगायचं तरी कसं." गावाचा स्थितप्रज्ञ असा वीस वर्षं भिऊन पारावर बसला होता. डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मेंढीच्या ग्रंथीपासून करतात, हे त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी ते पोटात ठेवलं. आयुष्यात कांद्याच्या पलीकडे न गेलेल्या आबांनी पुढे नऊ वर्षं रोज सकाळी देवपूजा करून मेंढी गिळली. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

तर आबा मध्ये पडले, म्हणजे ते अक्कांसमोर पाट टाकून बसले आणि म्हणाले, "तू जाय. आते कायजी मी करसू." अक्कांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. गडी नवा होता, कामाचा अनुभव नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडी बांधायला घेतली. बरोबर मी जाणार होते. निघायच्या दिवशी फलाटावर त्यांनी आबांना एकेक काळजी समजावून सोपवली. मागच्या दाराची कडी दोनदा पाहायची, एकदा लावलेली आहे म्हणून आणि एकदा आपण खरंच पाहिली होती म्हणून. विहिरीवर फळी. मांजर आत आहे का बाहेर. विझवलेल्या चुलीवर हात धरून बघायचा. पहाटेची मालगाडी गेली की मगच कूस बदलायची. आबा प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होते आणि चुकलं की अक्का सुधारत होत्या. या गडबडीत आमची गाडी बरीच उशिरा आली, आणि ते अक्कांच्या ध्यानातही आलं नाही. रुळाकडे वाकून "का बरं नही उनी?" असं आबाच पुटपुटत होते.

मुंबईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया गळ्याचा भाग तेवढा बधिर करून केली. आवाजाची शीर त्या गाठीला लागून असते, ती दुखावू नये म्हणून रोग्याने बोलत राहायचं असा तिथला नेम होता. अक्कांना कुणी "बोलत राहा" असं सांगावं, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी पाचोऱ्यातलं सगळं घर त्या टेबलावर उभं केलं. मोठे डॉक्टर गुजराती होते, खानदेशी त्यांना अर्धीअधिक समजत होती. काम आटोपून ते बाहेर आले, हात पुसत मला म्हणाले की सगळं ठीक झालं आहे, आणि जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, "आणि ती मांजर रात्री आत घेतात की बाहेर?"

आबांची कार्डं येत. जन्मात ज्यांनी पत्र लिहिलं नव्हतं त्यांचं मुंबईत दिवसाआड एक कार्ड. कडी लावली. फळी टाकली. मांजर आत. तिसऱ्या कार्डात लिहिलं होतं, "काल पहाटेची मालगाडी आली नाही. मी उठून स्टेशनावर जाऊन विचारून आलो. मग झोप लागली नाही. तू हे रोज कसं करत होतीस?" अक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. आबांमध्ये आलेली ही हुशारी मेंढीची होती की त्यांची स्वतःची, हे काही मला ठरवता आलं नाही.

परत आलेल्या अक्का निराळ्याच होत्या. हात कापत नव्हते. रात्री झोपल्या की सकाळी उठत. दोन भाकरीत पोट भरे आणि अंग भरू लागलं. डोळे तेवढे तसेच राहिले, ते मागे जात नाहीत म्हणे, त्यामुळे गवळ्याला काही कळलं नाही. मांडे मात्र माझ्यासारखेच होऊ लागले, आणि जाऊबाईंनी ते चेहऱ्यावर दाखवलं. आबा अधिकाराने म्हणाले, "घे, तुझ्या काळज्या परत घे." अक्का म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याजवळ, मला बरं वाटतंय." आणि खरंच त्यांना बरं वाटत होतं. पण घराला ते सोसेना. एकदा मी धुळ्याहून यायची ती एक दिवस उशिरा आले, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलंच, थांबली असशील." मला हव्या होत्या त्या घाबरून दारात उभ्या राहिलेल्या अक्का. मनात येऊन गेलं की त्या म्हणत होत्या तसंच झालं, कोरड्याच झाल्या. बायका तर उघड बोलत, अक्काला आता कशाचं काही वाटत नाही. ते त्यांच्या कानांवर जात असणार. कधीकधी काम करता करता त्या थांबत आणि काहीतरी शोधल्यासारखं स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवत.

स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या वर्षी आबा गेले. दोन महिने अंथरुणावर होते. अक्का त्यांचं सगळं करत होत्या. रडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत, वेळेवर जेवल्या, वेळेवर झोपल्या. चमच्याने पेज भरवताना एक थेंब उशीवर सांडत नव्हता. समाचाराला येणाऱ्या बायका त्या स्थिर हातांकडे पाहत आणि ओट्यावर जाऊन एकमेकींना खुणावत. खरं सांगायचं तर मीही पाहत होते. शेवटच्या दिवशीही त्यांनी आबांच्या नाकाशी हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मला म्हणाल्या, "त्याला हाक मार," म्हणजे माझ्या यजमानांना. एवढंच.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी त्यांना जेवायला हाक मारायला गेले. त्या आबांच्या रिकाम्या खाटेच्या काठावर बसल्या होत्या. मला जवळ बसवून त्यांनी माझा हात आपल्या छातीवर ठेवला. काळीज संथ, नेमाने चाललं होतं. "देख," त्या म्हणाल्या, "धडधड नही. भेव नही. गाठ तर कव्हयनीच गई. तरी इतलं दुखस." त्यांच्या त्या मोठ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या जवळजवळ हसत होत्या. "मंग हाई मन्हं शे वं," त्या म्हणाल्या. "हाई बठ्ठं मन्हंच शे." हे दुखणं गाठीचं नव्हतं, सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

ज्या बाईंवर मी इतकी वर्षं हसले, आणि मग न हसता संशय घेतला, त्यांचा हात धरून मी तशीच बसून राहिले. माफी मागायचं मनात होतं, पण मला ते जमलं नाही. अक्कांना त्याची गरज नव्हती. त्या रडत होत्या, आणि फार वर्षांनी त्यांना हवं होतं ते सापडलं होतं.